हॅमट्रॅमिक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिशिगन राज्यातील वेन कौंटीमधील एक छोटे औद्योगिक उपनगर. लोकसंख्या २८,४३३ (२०२०). क्षेत्रफळ सु. ५.४ चौ. किमी. ते राज्याच्या आग्नेय भागात, डिट्रॉइट शहराच्या मध्यवस्तीपासून उत्तरेस सु. ८ किमी.वर, ४२° २४′ उ. अक्षांश व ८३° ३′ प. रेखांश यांवर वसले आहे. पश्चिमेकडील थोडा भाग हायलंड पार्क या शहराला भिडलेला असून उरलेल्या सर्व बाजूंनी ते डिट्रॉइट महानगराने वेढलेले आहे. रोमन लिपीतील लेखनात अखेरच्या दोन व्यंजनांमध्ये स्वर नसला, तरी नावाचा स्थानिक उच्चार ‘हॅमट्रॅमिक’ असाच आहे.

या शहराच्या सीमा विसाव्या शतकाच्या आरंभी ठरल्या, त्यानंतर त्या फारशा बदलल्या नाहीत. अमेरिकेतील बहुतेक शहरांच्या लोकसंख्येतील वाढ ही काही अंशी हद्दवाढीमुळे झालेली असते, त्यामुळे त्यांच्या निरनिराळ्या जनगणनांतील आकड्यांची तुलना करताना सावधगिरी बाळगावी लागते. हॅमट्रॅमिकच्या बाबतीत ही अडचण नाही. येथील आकड्यांतील चढउतार हा केवळ माणसांच्या येण्याजाण्याचा परिणाम होय. १९१० मध्ये साडेतीन हजार, १९३० मध्ये छप्पन्न हजार, १९९० मध्ये अठरा हजार आणि २०२० मध्ये पुन्हा अठ्ठावीस हजारांवर गेलेली ही लोकसंख्या अमेरिकेच्या औद्योगिक इतिहासाचा व परदेशातून येणाऱ्या स्थलांतराचा एक लहान, परंतु स्पष्ट आलेख ठरते.

भूवर्णन : शहराची भूमी जवळजवळ सपाट असून तिची सस.पासून उंची सु. १९० मी. आहे. हिमयुगाच्या अखेरीस येथे पसरलेल्या विस्तीर्ण सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाचे हे मैदान असून माती मुख्यत्वे चिकण आहे. डिट्रॉइट नदी दक्षिणेस काही किमी. अंतरावरून वाहते. शहराला स्वतःचा नदीकिनारा, टेकडी वा सरोवर नाही. नैसर्गिक सीमा नसल्यामुळे त्याच्या हद्दी रस्त्यांच्या व लोहमार्गांच्या आधाराने आखलेल्या आहेत, आणि रस्ता ओलांडताच नकळत मनुष्य डिट्रॉइटमध्ये पोहोचतो. हवामान खंडीय स्वरूपाचे असले, तरी पंचमहासरोवरांच्या सान्निध्यामुळे ते काहीसे सौम्य झाले आहे. जानेवारीचे सरासरी तपमान सु. -३.५° से., तर जुलैचे सु. २३° से. असते. पर्जन्य व हिम मिळून वार्षिक वृष्टी सु. ८५ सेंमी. होते व ती वर्षभर विभागलेली असते.

जोसेफ कँपो हा दक्षिणोत्तर जाणारा रस्ता शहराचा कणा असून मुख्य बाजारपेठ, जुन्या पेढ्या व सभागृहे त्याच्या दुतर्फा आहेत. पूर्वेकडील कोनंट हा त्याला साधारणपणे समांतर जाणारा दुसरा महत्त्वाचा रस्ता. कॅनिफ व हॉलब्रुक हे रस्ते या दोहोंना आडवे छेदतात. दक्षिण भाग मोटारींच्या कारखान्याने व्यापला असून पश्चिमेकडून लोहमार्ग व आंतरराज्य महामार्ग ७५ जातो. उरलेल्या भागात लाकडी घरांच्या दाट रांगा आहेत. घराच्या भूखंडाची रुंदी बहुधा सु. ९ मी. असून दोन शेजारच्या घरांमधील बोळातून जेमतेम एक माणूस जाऊ शकतो. पुष्कळ घरे खालचा व वरचा मजला दोन कुटुंबांना स्वतंत्रपणे राहता येईल अशा बेताने बांधलेली आहेत. एक मजला आपल्यासाठी ठेवायचा आणि दुसऱ्याच्या भाड्यातून घराचे कर्ज फेडायचे, ही कामगार कुटुंबाची रीत या रचनेने शक्य केली. पुढे या शहरात जे जे घडले, त्याचे एक कारण या घरांच्या रचनेत सापडते.

प्रारंभीचा इतिहास : शहराचे नाव झां फ्रांस्वा हॅमट्रॅमिक (१७५६–१८०३) या सेनाधिकाऱ्यावरून पडले आहे. तो माँट्रिऑल येथे जन्मलेला, फ्रेंच भाषिक कॅनडियन होता. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तो वसाहतींच्या बाजूने लढला. ब्रिटिशांनी १७९६ मध्ये डिट्रॉइटचा किल्ला सोडल्यावर तो ताब्यात घेणाऱ्या अमेरिकन सैन्याचे नेतृत्व त्याच्याकडे होते. १८०३ मध्ये डिट्रॉइट येथे त्याचा मृत्यू झाला. कालांतराने त्याचे अवशेष त्याच्या नावाच्या या शहरातील स्मारक-उद्यानात आणून पुरण्यात आले. पोलिश, अरब व बंगाली लोकांच्या वस्तीमुळे प्रसिद्धी पावलेल्या शहराला अशा प्रकारे एका स्थलांतरिताचेच नाव मिळालेले आहे.

१७९८ मध्ये या प्रदेशात हॅमट्रॅमिक नावाचा विस्तीर्ण नगरप्रभाग (टाउनशिप) स्थापन झाला. तो डिट्रॉइट नदीपासून उत्तरेस दूरवर पसरलेला होता. एकोणिसाव्या शतकात डिट्रॉइट वाढत गेले, तसतसे त्याने या प्रभागाचे लचके तोडले. उरलेल्या भागात फ्रेंच वंशाचे जुने जमीनदार व नंतर आलेले जर्मन शेतकरी राहत. १९०१ मध्ये त्यापैकी सु. ५.४ चौ. किमी. भागाला ‘व्हिलेज’ हा दर्जा मिळाला. पुढे डिट्रॉइटने आपल्याला सामावून घेऊ नये, या हेतूने रहिवाशांनी शहराच्या दर्जासाठी प्रयत्न केले आणि १९२२ मध्ये हॅमट्रॅमिक हे स्वतंत्र शहर झाले. पीटर जेझेव्हस्की हा पोलिश वंशाचा गृहस्थ पहिला महापौर झाला. डिट्रॉइट भोवताली पसरत राहिले आणि हे छोटे शहर त्याच्या पोटातील बेट बनून राहिले.

मोटार कारखाना व पोलिश वसाहत : जॉन डॉज (१८६४–१९२०) व होरेस डॉज (१८६८–१९२०) हे बंधू फोर्ड कंपनीसाठी एंजिने व इतर भाग तयार करीत. १९१० मध्ये त्यांनी हॅमट्रॅमिकच्या दक्षिण भागात मोठा कारखाना उभारला. लोहमार्गाची जवळीक आणि डिट्रॉइटच्या हद्दीबाहेर असल्यामुळे कमी असलेले कर, ही या जागेची जमेची बाजू होती. १९१४ च्या अखेरीस त्यांनी स्वतःच्या नावाची मोटार बाजारात आणली. १९२० मध्ये दोघेही बंधू निवर्तले. पुढे कंपनी विकली गेली व १९२८ मध्ये ती क्राइस्लरच्या ताब्यात आली. ‘डॉज मेन’ या नावाने ओळखला जाणारा हा कारखाना सत्तर वर्षे शहराचा मुख्य आधार होता.

कारखान्याने माणसे ओढून आणली. १९१० च्या जनगणनेत येथे ३,५५९ लोक होते, १९२० मध्ये ते ४८,६१५ झाले. दहा वर्षांत लोकसंख्या तेरा पटींहून अधिक झाली. १९३० मध्ये ती ५६,२६८ या उच्चांकाला पोहोचली, म्हणजे दर चौ. किमी.स सु. १०,४०० लोक राहत होते. नवागतांमध्ये पोलिश लोक बहुसंख्य होते. काही थेट यूरोपातून, काही डिट्रॉइटच्या पूर्व भागातील जुन्या पोलिश वस्तीतून, तर काही पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणी सोडून आले. त्यांच्यासोबत युक्रेनियन लोकही आले, आणि दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीयांची वस्तीही आरंभीपासून होती. घरे अपुरी पडत. एकाच घरात कुटुंबाबरोबर अनेक एकटे कामगार भाड्याने राहत आणि पाळीच्या हिशेबाने आळीपाळीने झोपत.

या लोकांची जनगणनेत कशी नोंद झाली, हे पाहण्यासारखे आहे. त्या वेळी पोलंड हा देश नकाशावर नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी तो आपसात वाटून घेतला होता व १९१८ पर्यंत ही स्थिती राहिली. जन्मदेश या रकान्यात पोलिश कामगार रशिया, जर्मनी वा ऑस्ट्रिया येथील म्हणून गणले जात. १९१० च्या जनगणनेत मातृभाषेचा प्रश्न जोडण्यात आला, तेव्हा कोठे त्यांची खरी संख्या कळू लागली. चर्चमधील प्रार्थना, दुकानांच्या पाट्या आणि शाळेतील मुलांचे बोलणे पोलिशमध्ये चाले, मात्र जन्मदेशाच्या रकान्यावरून हे गाव अर्धे रशियन व अर्धे जर्मन भासले असते.

सेंट फ्लोरियन हा पोलिश कॅथलिक धर्मप्रभाग १९०७ मध्ये स्थापन झाला. त्याचे भव्य गॉथिक शैलीचे चर्च राल्फ अ‍ॅडम्स क्रॅम या विख्यात वास्तुविशारदाने योजिले व ते १९२८ मध्ये पूर्ण झाले. घरांच्या ठेंगण्या छपरांवर उठलेले त्याचे मनोरे आजही दुरून दिसतात. कामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी देऊन ते उभारले.

मंदी व कामगार चळवळ : १९२९ नंतरच्या महामंदीत कारखान्याचे काम घटले व बेकारी वाढली. १९३५ च्या उन्हाळ्यात मांसाच्या वाढत्या भावांविरुद्ध येथील गृहिणींनी खाटकांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला आणि दुकानांसमोर निरोधने केली. मेरी झुक ही त्यांची पुढारी होती. ही चळवळ इतर शहरांतही पसरली. पुढील वर्षी झुक नगरपरिषदेवर निवडून आली. १९३७ च्या मार्चमध्ये डॉज मेनच्या कामगारांनी क्राइस्लरच्या इतर कारखान्यांतील कामगारांबरोबर ‘बैठा संप’ केला. म्हणजे काम थांबवून ते कारखान्यातच ठाण मांडून राहिले. एप्रिलमध्ये कंपनीने संघटित मोटार कामगार संघाशी करार केला. तेव्हापासून हॅमट्रॅमिक हे कामगार संघटना व डेमॉक्रॅटिक पक्ष यांचा बालेकिल्ला म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४८ मध्ये हॅरी ट्रुमन व १९६० मध्ये जॉन केनेडी यांनी अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारासाठी येथे सभा घेतल्या.

उतरती कळा : १९३० नंतर लोकसंख्या कमी होऊ लागली. १९२१ व १९२४ च्या कायद्यांनी पूर्व व दक्षिण यूरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातल्या होत्या. त्यामुळे नवी माणसे येणे थांबले. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित पोलिश लोकांची एक लाट आली, तथापि बाहेर जाणारे अधिक होते. १९४० मध्ये सु. ५०,०००, १९५० मध्ये सु. ४३,००० व १९६० मध्ये सु. ३४,००० असा आकडा घसरत गेला. मोटार, महामार्ग आणि सुलभ गृहकर्ज यांच्या जोरावर कामगारांची दुसरी पिढी उत्तरेकडील नव्या उपनगरांत अंगण व गाडीखान्यासह घरे घेऊ लागली. शेजारच्या वॉरन शहराची लोकसंख्या १९७० मध्ये १,७९,२६० झाली, त्यात हॅमट्रॅमिकहून गेलेली पोलिश कुटुंबे बरीच होती. मोटार बनविणाऱ्या कामगाराला मिळालेली मोटारच त्याला या शहराबाहेर घेऊन गेली.

याच काळात कारखान्यात कृष्णवर्णीय कामगारांचे प्रमाण बरेच वाढले, मात्र अधिकाराच्या जागा व संघटनेचे नेतृत्व गोऱ्यांकडेच राहिले. १९६८ मध्ये डॉज मेनमध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीय कामगारांच्या क्रांतिकारी संघटनेने कंपनीबरोबरच जुन्या कामगार संघालाही आव्हान दिले.

नगर-नवीकरणाचा खटला : घटत्या लोकसंख्येवर उपाय म्हणून शहराने जुन्या वस्त्या पाडून जमीन मोकळी करण्याच्या योजना आखल्या. त्या राबविताना कृष्णवर्णीयांची वस्ती असलेले भाग निवडले गेले. विस्थापितांना शहरात दुसरी घरे मिळाली नाहीत आणि त्यांपैकी पुष्कळांना शहर सोडावे लागले. विस्थापित रहिवाशांनी १९६८ मध्ये संघीय न्यायालयात दावा लावला. १९७१ मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी निकाल दिला, की कृष्णवर्णीय रहिवाशांना शहराबाहेर घालविण्याचा हेतू या योजनांमागे होता. शहराने भरपाई म्हणून २०० घरे उपलब्ध करून द्यावीत, असे पुढे ठरले. पैशाची चणचण, स्थानिक विरोध व दिरंगाई यांमुळे हे काम निकालानंतर जवळजवळ चाळीस वर्षे रेंगाळले. घरे तयार झाली, तेव्हा मूळ विस्थापितांपैकी कित्येक हयात नव्हते आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी त्यांत प्रवेश केला. स्थलांतरितांचे आश्रयस्थान अशी ख्याती असलेल्या शहराच्या इतिहासातील हे प्रकरण वगळून चालणार नाही. येथील लोकसंख्येतील एका गटाची घट ही आपोआप झालेली नसून घडवून आणलेली होती.

डॉज मेनचा अंत व पोलटाउन : खनिज तेलाच्या भाववाढीने व जपानी मोटारींच्या स्पर्धेने क्राइस्लर कंपनी डबघाईला आली आणि १९८० च्या जानेवारीत डॉज मेन बंद पडला. शहराच्या करउत्पन्नाचा मोठा भाग त्याबरोबर नाहीसा झाला. १९८० च्या जनगणनेत लोकसंख्या सु. २१,००० भरली. या पडीक जागेवर व तिच्या शेजारील डिट्रॉइटच्या भागावर जनरल मोटर्स कंपनीचा नवा कारखाना उभारण्याची योजना डिट्रॉइटचे महापौर कोलमन यंग यांनी पुढे आणली. तीतून सु. ६,००० लोकांना काम मिळेल, अशी अपेक्षा होती. मात्र त्यासाठी डिट्रॉइटच्या हद्दीतील पोलटाउन ही जुनी वस्ती हटवावी लागणार होती. तेथे पोलिश वृद्धांबरोबर कृष्णवर्णीय व इतरही लोक राहत. सु. ४,२०० माणसे, तेराशेहून अधिक घरे, शंभरावर दुकाने व उद्योग आणि काही चर्च या योजनेच्या आड येत होती.

रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. खासगी कंपनीला देण्यासाठी खासगी घरे सक्तीने संपादित करणे हा ‘सार्वजनिक उपयोग’ ठरतो काय, हा मूळ प्रश्न होता. १९८१ च्या मार्चमध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने शहराच्या बाजूने निर्णय दिला. त्याच उन्हाळ्यात इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये ठाण मांडून बसलेल्यांना पोलिसांनी बाहेर काढले व चर्च पाडण्यात आले. नव्या कारखान्यातून १९८५ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात १९८१ चे तत्त्व चुकीचे ठरवून रद्द केले. तोवर पोलटाउनचे रस्ते कारखान्याच्या आवाराखाली गेलेले होते. डॉज मेनच्या काळापासून तेथे असलेली एकोणिसाव्या शतकातील ज्यू दफनभूमी तेवढी कारखान्याच्या आवारात जतन केलेली आहे. ती वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांना खुली होते. २०१८ च्या अखेरीस हा कारखाना बंद करण्याचे कंपनीने सूचित केले होते, परंतु कामगारांच्या २०१९ च्या संपानंतर तो बेत मागे पडला व २०२० मध्ये विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी त्याची पुनर्रचना सुरू झाली.

नवी स्थलांतरे : १९९० मध्ये लोकसंख्या १८,३७२ अशी नीचांकाला पोहोचली. यानंतर जे घडले, ते डिट्रॉइटच्या परिसरात अपवादात्मक होते. २००० मध्ये येथे २२,९७६ लोक मोजले गेले आणि त्यांपैकी सु. ४१ टक्के परदेशात जन्मलेले होते. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटे रद्द केल्यामुळे आशिया व अरब देशांतून येणाऱ्यांना वाट मोकळी झाली होती. येमेनी पुरुष मोटार कारखान्यांतील कामासाठी त्याआधीपासून येत. पुढे त्यांनी कुटुंबे आणली आणि २०१४ नंतरच्या येमेनमधील यादवी युद्धाने या ओघात भर पडली. १९९० नंतरच्या दशकात युगोस्लाव्हियाच्या विघटनातून बॉस्नियन निर्वासित आले. पोलंडमधील राजकीय दडपशाहीमुळे १९८० नंतर आलेल्या पोलिश लोकांची संख्याही लक्षणीय होती.

याच सुमारास बांगला देशी लोक मोठ्या संख्येने आले. त्यांपैकी बहुतेक सिल्हेट भागातील असून अनेकांनी प्रथम न्यूयॉर्कमध्ये काही वर्षे काढली होती. तेथील भाडे न परवडल्याने ते डिट्रॉइट परिसरातील मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत कामाला आले. हा संबंध तसा जुना होता, कारण अविभाजित भारताच्या बंगाल प्रांतातील काही खलाशी ब्रिटिश जहाजे सोडून १९२० नंतरच्या काळातच डिट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत काम करू लागले होते. कोनंट रस्त्यावर आता मिठाई, मासे, साड्या यांची बंगाली दुकाने आहेत व त्याच्या एका भागाला २००८ मध्ये ‘बांगला देश अ‍ॅव्हेन्यू’ असे गौरवाचे नाव देण्यात आले. २०११ मध्ये संघीय मताधिकार कायद्यानुसार येथील निवडणूक साहित्य बंगाली भाषेतही देणे बंधनकारक ठरले.

नवागतांनी विकत घेतलेली घरे म्हणजे पोलिश कामगारांनी बांधलेली तीच दुमजली लाकडी घरे होत. ती स्वस्त होती, मोठ्या कुटुंबाला किंवा दोन भावांना पुरेशी होती, आणि बाजार, प्रार्थनास्थळ व शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असल्याने मोटार नसली तरी चालत असे. पहिल्या पिढीला अपुरी व जुनाट वाटलेली घरे दुसऱ्या देशातून आलेल्या पहिल्या पिढीला सोयीची ठरली. २०१० ते २०२० या दशकात लोकसंख्या २२,४२३ वरून २८,४३३ वर गेली, म्हणजे ती सु. २७ टक्क्यांनी वाढली. भोवतालच्या डिट्रॉइटची लोकसंख्या याच दशकात ७,१३,७७७ वरून ६,३९,१११ पर्यंत घटली. आज हॅमट्रॅमिकची घनता दर चौ. किमी.स सु. ५,२५० असून मिशिगनमधील शहरांत ती सर्वाधिक आहे.

जनगणनेच्या रकान्यांचा जुना प्रश्न येथे पुन्हा उद्‌भवला. अमेरिकेच्या शासकीय व्याख्येनुसार मध्यपूर्वेतील लोक ‘श्वेतवर्णीय’ गटात मोडत. त्यामुळे येमेनी दुकानदार व त्याचा पोलिश शेजारी दोघेही २०२० च्या जनगणनेत एकाच वांशिक गटात जमा झाले. धर्माचा प्रश्न तर तेथील जनगणनेत विचारलाच जात नाही. साहजिकच शहरात मुसलमान बहुसंख्य आहेत, हे सर्वमान्य विधान अधिकृत गणनेवर नव्हे, तर अंदाजांवर आधारलेले आहे. २०२४ मध्ये संघीय शासनाने सुधारलेल्या मानकांत मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका या प्रदेशांतील लोकांसाठी वेगळा गट समाविष्ट केला. रशियन वा जर्मन म्हणून नोंदल्या गेलेल्या पोलिश कामगारांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी हॅमट्रॅमिकच्या रहिवाशांचा हा दुसरा रकाना दुरुस्त झाला.

राजकीय जीवन : बदलत्या लोकसंख्येचे पडसाद नगरपालिकेच्या कारभारात उमटणे अपरिहार्य होते. १९९९ च्या निवडणुकीत काही गोऱ्या नागरिकांच्या एका गटाने केवळ नाव व वर्ण पाहून अरब व बांगला देशी मतदारांच्या नागरिकत्वाला आव्हान दिले. मतदान अधिकाऱ्यांनी अशा मतदारांना शपथ घ्यावयास लावली. संघीय न्याय खात्याने याची दखल घेतली आणि २००० मध्ये शहराला न्यायालयीन संमतिपत्रान्वये सुधारणा मान्य कराव्या लागल्या. २००४ मध्ये अल्-इस्लाह मशिदीने ध्वनिवर्धकावरून अजान देण्याची परवानगी मागितली, तेव्हा देशभर चर्चा झाली. नगरपरिषदेने ध्वनिविषयक नियमात दुरुस्ती केली व त्याच वर्षी झालेल्या सार्वमतात मतदारांनी ती कायम केली. चर्चच्या घंटा चालतात, तर अजान का नको, हा दुरुस्तीच्या समर्थकांचा युक्तिवाद होता.

२०१५ च्या निवडणुकीनंतर सहा सदस्यांच्या नगरपरिषदेत चार मुसलमान झाले. अमेरिकेत असे प्रथमच घडल्याचे मानले जाते. १९२२ पासून शहराचे सर्व महापौर पोलिश वंशाचे होते. त्यांपैकी कॅरन मायेव्हस्की (कार. २००६–२१) या पहिल्या महिला महापौर. २०२१ मध्ये येमेनमध्ये जन्मलेले आमेर गालिब त्यांचा पराभव करून निवडून आले आणि २०२२ च्या आरंभी महापौर व संपूर्ण नगरपरिषद मुसलमान झाली. २०२३ मध्ये नगरपरिषदेने शासकीय ध्वज व राष्ट्रध्वज यांसारखे ठराविक ध्वज सोडून इतर सर्व ध्वज सार्वजनिक जागेत लावण्यास मनाई केली. समलिंगी व्यक्तींच्या चळवळीचा ध्वज त्यामुळे वर्ज्य झाला. अजानच्या वेळी मुसलमानांची बाजू घेतलेल्या अनेक जुन्या रहिवाशांना या ठरावाने दुखावले. एकेकाळी अल्पसंख्य असलेल्यांच्या हाती सत्ता आल्यावर इतर अल्पसंख्यांचे स्थान काय, हा प्रश्न पोलिश सत्तेच्या काळात कृष्णवर्णीयांनी विचारला होता. तोच आता निराळ्या स्वरूपात पुढे आला.

शहराची आर्थिक स्थिती वारंवार बिकट झाली आहे. लहान क्षेत्र, जुनी घरे व एकाच मोठ्या कारखान्यावरील अवलंबन यांमुळे करांचे उत्पन्न मर्यादित असते. त्या कारखान्याच्या करातील वाट्यावरून डिट्रॉइटशी वादही झाला. २००० मध्ये व पुन्हा २०१३ मध्ये राज्य शासनाने शहराचा आर्थिक कारभार आपण नेमलेल्या प्रशासकाकडे सोपविला. २०१४ च्या अखेरीस दुसऱ्या प्रशासकाची मुदत संपली. वाढलेल्या लोकसंख्येबरोबर संपन्नता आली, असे म्हणता येत नाही. दारिद्र्याचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आहे.

हायलंड पार्कशी तुलना : हॅमट्रॅमिकच्या इतिहासाचे मर्म शेजारच्या हायलंड पार्कशी तुलना केल्यास ध्यानात येते. तेही डिट्रॉइटने वेढलेले स्वतंत्र शहर असून क्षेत्रफळाने काहीसे मोठे आहे. हेन्री फोर्डचा विख्यात कारखाना तेथे १९१० मध्ये सुरू झाला व १९१३ मध्ये त्यात सरकत्या जुळणी-साखळीचा वापर झाला. १९१० मधील ४,१२० लोकसंख्या १९३० मध्ये ५२,९५९ झाली. फोर्डने उत्पादन इतरत्र हलविले, पुढे क्राइस्लरचे मुख्य कार्यालयही तेथून गेले. २०११ मध्ये विजेचे बिल थकल्यामुळे रस्त्यांवरील हजाराहून अधिक दिव्यांचे खांब काढून नेण्यात आले. २०२० मध्ये तेथे अवघे ८,९७७ लोक उरले. दोन्ही शहरे एकाच दशकात, एकाच उद्योगाने वाढविली आणि त्याच उद्योगाने सोडली. एकामध्ये माणसे निघून गेली व घरे ओस पडून पाडली गेली. दुसऱ्यात माणसे निघून गेली, तेव्हा त्यांच्या जागी दुसरी आली. नवागतांच्या आप्तांची साखळी व प्रार्थनास्थळे हॅमट्रॅमिकमध्ये प्रथम रुजली, हे याचे मुख्य कारण दिसते. उद्योगधंदा ही वस्ती निर्माण करणारी शक्ती असली, तरी ती टिकविणारी शक्ती वेगळी असू शकते, असा निष्कर्ष या तुलनेतून निघतो.

सांस्कृतिक जीवन : पोलिश लोकसंख्या आता अल्प असली, तरी शहराची पोलिश ओळख पुसली गेलेली नाही. लेंटच्या उपवासकाळापूर्वीच्या मंगळवारी ‘पाँचकी’ हे सारण भरून तळलेले गोड खाद्य घेण्यासाठी उपनगरांत गेलेली कुटुंबे पहाटेपासून येथील बेकऱ्यांसमोर रांगा लावतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ मध्ये शहराला भेट दिली. त्यांचा पुतळा जोसेफ कँपो रस्त्यावरील छोट्या उद्यानात आहे. १९३० मध्ये बांधलेले हॅमट्रॅमिक स्टेडियम हे ‘डिट्रॉइट स्टार्स’ या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बेसबॉल संघाचे मैदान होते. वर्णभेदामुळे मुख्य स्पर्धांतून वगळलेल्या खेळाडूंसाठीच्या ‘निग्रो लीग’ची जी थोडी मैदाने शिल्लक आहेत, त्यांपैकी हे एक होय. २०२२ मध्ये त्याचा जीर्णोद्धार करण्यात आला. १९५९ मध्ये येथील मुलांच्या संघाने ‘लिटल लीग’ बेसबॉलचे जागतिक विजेतेपद मिळविले होते. शहरातील काही जुन्या सभागृहांचे व दुकानांचे रूपांतर मशिदींत व उपाहारगृहांत झाले आहे. सेंट फ्लोरियनच्या घंटा व अजान हे दोन्ही आवाज आज याच पाच चौ. किमी. भागात ऐकू येतात.